सुपाबाहेरचे अठ्ठेचाळीस दाणे

पुंडलिकनगर, औरंगाबाद
६ मार्च २०१६

प्रिय कडुबादादा,

नमस्कार. पत्र फाडायचं असेल तर सगळं वाचून मग फाड. वहिनी, लेकरं बरी असतील. इथं नळाला नवव्या दिवशी पाणी येतं आणि समोरच्या बिल्डिंगला चौथा मजला चढतोय.

बातमी अशी, की तुझी मका खरी निघाली! सकाळपासून मी घरभर फिरतेय. अक्षर सांभाळून घे.

गुळगुळीत आणि सुरकुतलेल्या मक्याचा संकर केला, की दुसऱ्या पिढीत तीन गुळगुळीत दाण्यांमागं एक सुरकुतलेला पडायला हवा. ते तपासायला तू सिल्लोडच्या रानात, घरचं प्यायचं पाणी घालून, वीस ताटं लावलीस. चार जगली. बाहेरच्या गुळगुळीत मक्याचा पराग शिरू नये म्हणून कणसांवर कागदी पिशव्या बांधल्यास. पिशव्यांसकट कणसं माझ्याकडं पाठवलीस. मी इथं दाणे मोजले तेव्हा गुळगुळीत निघाले तीनशे दहा, सुरकुतलेले फक्त बेचाळीस.

थोडा फरक नशिबानं पडतोच. किती पडला तर चालेल, हे काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्राची चाचणी सांगते. हद्द ३.८४. तुझा आकडा आला बत्तीस. मग जानेवारीच्या शेतकरी मेळाव्यात, तुझ्यासमोर, मी माइकवर म्हणाले, "आमच्याच घरात पिशव्या ढिल्या बांधल्या जातात, तर विज्ञान रुजणार कुठं?" टाळ्या पडल्या. तू उठून गेलास. तेव्हापासून तुझ्याकडं बियाण्याला कुणी फिरकत नाही, असं वहिनी म्हणाली.

काल स्वयंपाकाच्या मालनबाई माळ्यावरचा डबा घेऊन आल्या. "ताई, हे पाखरांना टाका म्हणलात. पर ही मका बाद नाय. लई गोड लागतीया."

डब्यात अठ्ठेचाळीस सुरकुतलेले दाणे होते, त्यांनी चावलेला धरून. बेचाळीस आणि अठ्ठेचाळीस, नव्वद. तीनशे दहाला नव्वद! पुन्हा चाचणी केली. १.३३, दादा. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

ते डब्यात कुणी टाकले, हे इथवर लिहायचं टाळलं. मी टाकले. दाणे सुपात होते, तोंडानं कॉलेजातल्या भाषणाची उजळणी चालू होती, आणि हातांनी, आई निवडायची तसे, पोचट दाणे वेचून बाजूला काढले. दुष्काळानं आक्रसलेले म्हणून. सुरकुतलेला तोच गोड, हे दरसाल वर्गात शिकवणारी मी!

ही चाचणी कुणाला शाबासकी देत नाही. एवढंच म्हणते, की संशयाला आधार नाही. मी मात्र संशयावर टाळ्या घेतल्या. आणि ऐक, तुझ्या पिशव्या मला सोडवता आल्या नव्हत्या, कात्री लावावी लागली होती. तेव्हाच कळायला हवं होतं.

येत्या रविवारी त्याच मैदानावर मी माइक मागून घेतलाय. सूप आणि डबा घेऊन येतेय. जे तुला लिहिलं तेच बोलेन, एक शब्द कमी नाही. तू पुढच्या रांगेत बस. नाही बसलास तरी बोलेनच. आणि पुढच्या हंगामात पिशव्या तूच बांध. दाणे मोजताना मात्र माझ्या हाताकडं बघत बस.

तुझ्या पक्क्या गाठी कात्रीनं कापून त्यांना ढिल्या म्हणणारी,
तुझी बहीण
अपेक्षा