अर्धा जळलेला माळ

१२ जानेवारी, रविवार

फुलंब्रीला जाऊन आलो. दादा वारला त्याला हे दुसरं वर्ष. वहिनी ओट्यावर बसून माळाकडे बघत होत्या. बघण्यासारखं तिथे काही उरलेलं नाही तरी. दादा होता तेव्हा संध्याकाळी काळविटांचा कळप उतरायचा, दोघं चहा घेऊन बसायचे. मग गुरं विकली. गवत कुणी खाईना, कुणी कापीना. आता कमरेइतकं वाळकं कुसळ, जुन्यावर नवं. हरीण कशाला येईल त्यात?

बिडकीनहून लेकीचं, शोभाचं, पुन्हा तेच. आई, इकडे राहायला ये. वहिनी म्हणाल्या, "जाईन म्हणते, भाऊजी. इथं काय राह्यलंय बघायला?"

उत्तरं भराभर सुचली ती परत येताना, स्कूटरवर.

१९ जानेवारी

साळवेला घेऊन गेलो. जन्म वनखात्यात गेला त्याचा, आता इथे शहरात, पुंडलिकनगरला आमच्याच गल्लीत असतो. माळ फिरला आणि म्हणाला, जाळावा लागेल. सगळा नाही, ओढ्याकडचा तुकडा. जुनं गवत गेलं की मारवेलच्या गवताला बुडातून कोंब फुटतात, हरणं कोंबांवर येतात.

मला हसू आलं. बांध जाळू नका म्हणून सगळ्या वस्तीवर ओरडत आलोय मी. त्यावरून तिथल्या गफूरभाईशी दोन उन्हाळे अबोला. आता मीच काडी घेऊन उभा राहणार.

वहिनींना सांगायची छाती होत नाही. काही वर्षांपूर्वी कडब्याची गंजी पेटली त्या दुपारी त्या एकट्या होत्या, वस्ती सगळी बाजाराला. गायीचं दावं सोडताना हात भाजला. गाय वाचली नाही. तेव्हापासून दारात होळीसुद्धा नाही.

२ फेब्रुवारी

सांगितलं. जेवताना. (चुकलंच. जेवताना सांगायची गोष्ट नव्हती.) भाकरी वाढून झाल्यावर म्हणाल्या, "माळ तुमच्या भावाचा, तुमचाबी. मी कोण नाय म्हणणार?"

राहू द्या म्हटलं, रद्द करतो. तर उलट माझ्यावरच चिडल्या. "हरणं येतील म्हणता नं? मग करा. फकस्त मला सांगू नका कवा लावणार ते."

१५ फेब्रुवारी

वनखात्याला, ग्रामपंचायतीला कळवून झालं. तुकड्याच्या भोवतीनं गवत कापून पट्टा नांगरून घेतला, म्हणजे आग बाहेर जाणार नाही. वस्तीवर घरोघर फिरलो. धूर दिसेल, घाबरू नका. गफूरभाई दाढी कुरवाळत म्हणाला, अब आप भी जलानेवाले? बोलला, हेच पुष्कळ.

वहिनींचं घर तेवढं वगळलं. त्यांनीच सांगितलं होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दव सुकल्यावर आधी, लपलेलं जनावर उठावं म्हणून, दोर ओढत माळ पालथा घातला. तित्तराची जोडी उडाली, एक ससा. अंडी, पिलं कुठे नाहीत. ओढ्याची बाजू जनावरांना पळायला मोकळी ठेवली. साळवेनं आग वाऱ्याच्या उलट लावली, म्हणजे हळू सरकते. गुडघ्याएवढी ज्वाळ, शहाण्या बैलासारखी चाललेली.

अर्ध्यावर आली आणि वस्तीकडून आरडाओरडा. गफूरभाई पुढे, हातात लिंबाचा डहाळा. मागे ओली पोती, बायकांच्या घागरी. मी दोन्ही हात हलवून थांबा थांबा करतोय, त्यांना वाटलं बोलावतोय. आणखी जोरात पळाले. बघता बघता सगळी विझवली.

भडकलो मी. घरी येऊन सांगितलं होतं ना? गफूरभाई धापा टाकत होता. म्हणाला, "भाभी चिल्लायी, मास्टर. उस दिन हमलोगां नहीं थे. आज कैसा बैठते?"

माझे डोळे धुरानं भरले होते असं साळवेला सांगितलं.

वहिनी घरात, भिंतीला टेकून. "माज्यामुळं बिघडलं व्हय?" नाही म्हणालो. मग उठल्या, सगळ्यांना चहा केला. कप कमी पडले, पेले काढले. ते लोक गेल्यावर रिकाम्या पेल्यांकडे बघत म्हणाल्या, "एवढी माणसं आली, भाऊजी." थोड्या वेळानं पुन्हा तेच.

त्यांना दिवस सांगायला हवा होता. नका सांगू म्हणाल्या तरी.

२४ फेब्रुवारी

साळवे म्हणतो, उरलेला यंदा राहू दे. मोकळं हरणांना लागतं, उभं गवत पाखरांना लपायला लागतं. अर्धं जळलं तेच बरं झालं. खरं बोलतोय की माझं मन राखतोय, कोण जाणे. सांत्वन करणाऱ्यातला नाही तो.

९ मार्च

काळ्यात हिरवं. बोटभर कोंब! एक टिटवी ओरडत अंगावर आली, आनंदानं शिव्या खाल्ल्या.

वहिनी ओटा उतरून काठापर्यंत आल्या. माळ जाळल्यानंतर पहिल्यांदा. ओढ्याजवळ राखेत खूर उमटलेले. मी म्हटलं, शेळीचे असतील. उगीच आशा नको लावायला. त्या वाकल्या, बघितलं. "शेळीचा खूर मला शिकवता व्हय?"

१३ मार्च, होळी

पोळ्या घेऊन वहिनी वस्तीवरच्या होळीला गेल्या. लांब उभ्या राहिल्या, पण गेल्या. त्याआधी संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. हरणं दिसली नाहीत. टिटवी, आणि उभ्या गवतात कुठेतरी तित्तर.

वहिनी म्हणाल्या, "पुढल्या साली वरला तुकडा लावा. पण मला आधी सांगा, म्हंजी मी वरडणार नाय."

पुढल्या साली म्हणाल्या. शोभाला काय कळवलंय, मी विचारलं नाही. चहा निवून गेला होता. उजेड होता तोवर दोघं माळाकडे बघत बसलो.