पॉइंट शूज: माझा निःपक्षपाती रिपोर्ट

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.२०
मॅनेजरचा ई-मेल. विषय: 'शू-रूमबद्दल'. बस, एवढंच. उघडला नाही. आधी चहा घेतला.

९.४५
उघडला. घाबरण्यासारखं काहीही नाही. सिंथेटिक पॉइंट शूजचे तीन नमुने येणार आहेत. मी ते तपासायचे, आपल्या नेहमीच्या बुटांशी तुलना करायची आणि पंधरा दिवसांत रिपोर्ट द्यायचा. डिझाइन आणि फिटिंग, दोन्ही बाबतीत. 'तुमचा अनुभव' हे शब्द दोनदा आलेत, म्हणजे माझ्यावर विश्वास आहे. शेवटच्या ओळीत 'जागेचा फेरविचार' असंही काहीतरी आहे. ती ओळ पुन्हा वाचली नाही.

संकल्प: रिपोर्ट पूर्णपणे निःपक्षपाती लिहायचा. आणि जुन्या बुटांच्या बाजूने लिहायचा.

११.३०
प्रस्तावना तयार. 'बॅले करणारी मुलगी पायाच्या बोटांच्या टोकांवर उभी राहते ती पॉइंट शूच्या जोरावर. पुढे कडक बॉक्स, तळाला कण्यासारखी पट्टी, वरून सॅटिन. जुन्या पद्धतीत बॉक्स कापड, कागद आणि खळीच्या थरांचा असतो. आपल्या थिएटरमध्ये हे बूट सव्वीस वर्षं एकच माणूस सांभाळतो आहे.' शेवटचं वाक्य काढलं. पुन्हा घातलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार
मॅनेजर स्वतः खोलीत आले. हातात टेप. खिडकीपासून कपाटापर्यंतची भिंत मोजली. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाले, काही नाही हो काका, सहज. फिजिओबाईंना बर्फाचे टब ठेवायला जागा हवीये म्हणे. मीही म्हटलं, हो हो, सहज. ते गेल्यावर स्टुलावर बसावं लागलं. पोटात गोळा वगैरे आला नव्हता. सकाळी नीट खाल्लं नव्हतं, त्याचा परिणाम.

रात्रीऐवजी आता दुपारीच डोळा लागतो. वय.

६ फेब्रुवारी, गुरुवार
नमुने आले. खोक्यांवर अ, ब, क लिहिलं, म्हणजे कंपन्यांची नावं डोळ्यांसमोर नकोत. निःपक्षपात.

अ: तळाची पट्टी केस वाळवायच्या ड्रायरने गरम करायची. मऊ झाली की बूट घालून टोकांवर उभं राहायचं, थंड होता होता ती पायाचा बाक घेते. बूट आहे की मेणबत्ती?

ब: पट्टी काढता-घालता येते. मऊ, मध्यम, कडक, तीन पट्ट्या सोबत. म्हणजे बनवणाऱ्यालाच ठरवता आलेलं नाही. हे वाक्य रिपोर्टात जसंच्या तसं.

क: बॉक्स आणि पट्टी एकसंध, एकाच साच्यातून काढलेली. आत राखाडी फोम. टेबलावर आपटला. आवाज नाही. पुन्हा आपटला. आवाज नाही. तिसऱ्यांदा जोरात आपटला तेव्हा शेजारच्या खोलीतून फिजिओबाईंनी विचारलं, काका, बरं आहे ना? म्हणजे तो आवाज टेबलाचा होता. अंगावर काटा आला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
क ची कणखरपणाची चाचणी. नवा बूट सरळ पायात घालता येत नाही, आधी मोडून मऊ करावा लागतो. सगळ्या मुली माझ्या दाराच्या फटीत बॉक्स धरून दार दाबतात, मग हातोडीने दोन ठोके. सव्वीस वर्षांची पद्धत. क फटीत धरला, दार दाबलं. वरच्या बिजागरीचा स्क्रू निघून आला. क जसाच्या तसा.
निष्कर्ष: नमुना क बिजागऱ्यांसाठी घातक.

१० फेब्रुवारी, सोमवार
आज फिटिंग. यात मला कुणी हरवू शकणार नाही. माझ्याकडे मुलींच्या पायांचे लाकडी साचे आहेत, नऊ वर्षांपूर्वी एकदाच व्यवस्थित करून घेतलेले. नंतर आलेल्या मुलींना त्यातल्याच जवळच्या साच्याचा नंबर देतो. प्रत्यक्ष पाय मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. पाय सकाळी एक असतो, तालमीनंतर सुजून दुसराच होतो, वर ओरडतो. साचा ओरडत नाही.

महाराणीच्या साच्यावर तिन्ही नमुने चढवून पाहिले. महाराणी म्हणजे आमची मुख्य नर्तिका. एकोणीस वर्षांची असताना आली, आता एकतीस. हे नाव मीच ठेवलंय, आणि मला ती काका म्हणते, खऱ्या काकाला म्हणावं तसंच. अ: टाचेवर सॅटिनच्या चुण्या. ब: दोन्ही बाजूंच्या कडा वर येऊन टोचतात. क: बोटांपाशी चक्क बोटभर मोकळा. असला ढगळ बूट घालून बाई कोसळेल.
निष्कर्ष: तिन्ही नापास.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, मुलींच्या पायात घालून बघितलेत का? म्हटलं, साच्यावर बघितले. म्हणाली, अहो, पण साचा कुठे नाचतो? तिला या धंद्यातलं काही कळत नाही. जेवण गेलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
पुरावा सापडला! इतके दिवस डोळ्यांसमोर होता.

महाराणी पूर्वी प्रत्येक प्रयोगाला नवा जोड न्यायची. घामाने खळ मऊ पडते, एका प्रयोगात बूट मरतो, हे सगळ्यांचंच. पण गेलं वर्षभर ती महिन्याला एकच जोड नेते. एकच! कारण उघड आहे: बॉक्सच्या आतून मी जे नवं वॉर्निश लावायला लागलो, त्याचा प्रताप. इतर मुलींना त्याच वॉर्निशचा उपयोग होत नाही, पण तो त्यांच्या पायांचा दोष.

आणखी पुरावे. एक, वर्षभरात तिने माझ्या दारात एकही बूट मोडलेला नाही. म्हणजे माझे बूट आता मुळातच पायाजोगे होतात. दोन, तिचं पाऊल हल्ली वाजत नाही. मी विंगेत कान देऊन उभा असतो. बाकीच्या मुली खाटखाट, ही उडी मारून उतरली तरी चूप. तीन, फिजिओबाई म्हणाल्या की यंदा तिचं एकही नख काळं पडलेलं नाही.

हे सगळं जुन्या बुटात होतंय. मग सिंथेटिक हवेत कशाला?

महाराणीच कॉरिडॉरमध्ये भेटली. रिपोर्टबद्दल सांगितलं, म्हटलं सगळी भिस्त तुझ्यावर आहे. तिचा चेहरा पडला. माझ्या काळजीने, दुसरं काय. म्हणाली, काका, मला तुमच्याशी जरा बोलायचंय. म्हटलं, रिपोर्ट झाला की निवांत बोलू.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
रिपोर्ट पूर्ण, सोळा पानं. शिफारस शेवटी, खाली दोन रेघा मारून: 'आमची मुख्य नर्तिका गेलं वर्षभर जे बूट वापरत आहे, तंतोतंत तेच बूट सर्व नर्तिकांना देण्यात यावेत. त्यांच्याशी तुलना होईल असं काही बाजारात नाही.' महाराणीचे सगळे पुरावे जोडले. मॅनेजरच्या टेबलावर स्वतः ठेवून आलो. परत येताना जिन्यात गुडघे लटपटले. जिना उंच आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार
मॅनेजरांचं उत्तर नाही. फोन वाजला की धस्स होतं. दोनदा चुकीचे नंबर होते. तिसऱ्यांदा हीच होती, मी दचकून ओरडलो म्हणून रागावली.

खोली नीट बघून घेतली. म्हणजे, झाडून घेतली. सगळे साचे पुसले. अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणी विचारलं की काय येतं तुम्हाला, तर काय सांगायचं? बूट सांभाळता येतात. कुठले? जे आता कुणी घालत नाही. असले विचार करायचे नाहीत. संकल्प.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी १०.०५
शिफारस मान्य! संपूर्ण! 'मुख्य नर्तिकेचेच बूट सर्वांना. ऑर्डरसाठी तिचा एक वापरातला जोड सोमवारी घेऊन या. शनिवारी दुपारचा प्रयोग मी स्वतः पुढच्या रांगेतून बघणार आहे.'
जिंकलो. घाबरत कोण होतं?

१०.४०
जोड आणायला महाराणीच्या खोलीत गेलो. ती तालमीला होती. खुर्चीखाली बूट पडले होते. वरून सॅटिन, त्यावर चमक मारायला लावतात तो मेकअपचा थर, तिच्या हातची रिबिनीची शिलाई, सगळं नेहमीचं. उचलला. पट्टी वाकवली. खळीची करकर नाही. आत बोट घातलं.
राखाडी फोम.

११.३०
ती आली तेव्हा मी बूट घेऊन तसाच उभा होतो. तिने कपाट उघडलं. खालच्या खणात माझे जोड रांगेत लावून ठेवलेले, बारा. एकाचाही तळवा मळलेला नाही. म्हणाली, दर महिन्याला एक न्यायचे काका, तुम्हाला वाईट वाटायला नको म्हणून. फेकवले नाहीत. म्हणाली, मागच्या वर्षी अंगठा असा दुखायचा की प्रयोगाआधी रडायचे. हे घातले आणि थांबलं. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही.
म्हणजे ती मला घाबरत होती. मला!

मी मॅनेजरांचा ई-मेल दाखवला. टब, टेप, भिंत, सगळं सांगितलं. तिने खणातून माझा एक जोड काढला. मग म्हणाली, शनिवारी मी तुमचे घालते. सोमवारी तेच त्यांना द्या. कुणाला कळणार आहे?
मी 'नको' म्हणणार होतो. अगदी तोंडाशी आलं होतं. 'बरं' म्हणालो.

२२ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी २.५०
तिने माझ्या दारात बूट मोडला. वर्षाने. आवाज ऐकून बरं वाटलं. स्क्रू घट्ट बसवलेला आहे.

३.२५
विंगेत. खाट. खाट. खाट. मॅनेजर मान हलवतायत, खूश दिसतात. मला तिचा फक्त चेहरा दिसतोय. ती हसतेय, पण प्रत्येक उडीनंतर खालचा ओठ आत जातो. आता मला भीती वाटतेय, आणि या वेळी जिना नाही, उपाशी पोट नाही, काही नाही. भीतीच आहे. दुसऱ्या अंकात तिला एका पायावर बत्तीस गिरक्या आहेत.

४.०५, मध्यंतर
धावत तिच्या खोलीत गेलो. खाली बसलो, रिबिनी सोडल्या. अंगठ्याच्या कडेला सॅटिन आतून ओलं, लाल. नऊ वर्षांनी जिवंत पाय हातात घेतला. तो माझ्या साच्यासारखा नाहीच. बोटांपाशी पसरलाय, जिथे क बोटभर मोकळा होता, बरोबर तिथे. खुर्चीखालचे तिचे बूट काढून मी स्वतः चढवले. झक्क बसले. ती म्हणाली, काका, आणि सोमवारी? म्हटलं, सोमवारचं मी बघतो. मॅनेजरांना सगळं खरं सांगतो.

दुसऱ्या अंकात बत्तीसच्या बत्तीस गिरक्या. एकही पाऊल वाजलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार
तिचा सिंथेटिक जोड घेऊन मॅनेजरांकडे गेलो. काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून नेलं होतं. त्यांनी बूट हातात घेतला, आत बोट घातलं आणि उठून माझा हात हातात घेतला. म्हणाले, काका, सोळा पानं वाचायला वेळ झाला नाही, शेवटची शिफारस तेवढी वाचली. मला वाटलं होतं तुम्ही जुन्यासाठी भांडाल. स्वतःची खोली जाईल हे माहीत असून असा रिपोर्ट द्यायला मन मोठं लागतं. फक्त नमुन्याचं अक्षर लिहायचं राहिलंय तुमचं, ते घाला. पेन पुढे केलं.
चिठ्ठी खिशातच होती.
क लिहिलं. सही केली.

३ मार्च, सोमवार
टब आले. साचे जिन्याखाली ठेवलेत, तात्पुरते असं म्हणाले.

कंपनीची फिटर आली होती, तिशीची असेल. प्रत्येक मुलीला उभी करून, बसवून, टोकांवर चढवून पाय मोजत होती. दहा मिनिटांत एक मुलगी. मला दाराशी बसून रांग लावायचं काम दिलंय. बरं आहे, बसून असतं.

शेवटी महाराणी. फिटरने पाय मोजला, जुन्या नोंदीतला नंबर बघितला, पुन्हा मोजला. नोंदीतला बूट पूर्ण एक नंबर लहान आणि रुंदीला दोन. तिने मान वर करून मला विचारलं, इतकी वर्षं यांना बूट कोण देत होतं?
मी म्हणालो, माहीत नाही.
महाराणी तिथेच बसली होती. तिने वाकून रिबिनी बांधायला घेतल्या. मी पुढचं नाव पुकारलं, पण रांगेत कुणी नव्हतं.