पाला खाल्ला तरी मास्क

अकोला,
५ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
दामिनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू भाव आणि जेवण यापलीकडे बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. तू पाठवलेला शेवग्याचा पाला फळाला आला! कापडाला वास येऊ नये म्हणून आपला कुंदन कामाला आहे त्या कारखान्यात चांदीची अतिबारीक भुकटी वापरतात ना, तसल्याच कणांनी आमच्या प्रयोगशाळेत तबकडीतल्या पेशी मरत होत्या. पाल्याचा अर्क आधी दिला, तर बऱ्याचशा तगल्या. कधी न हसणारे आमचे सरसुद्धा हसले. दुकानावर बसून फार फुशारकी मारू नकोस.

माया आहे तशीच असू दे.
तुझी,
दामिनी

नांदगाव पेठ,
१६ फेब्रुवारी

चि. दामिनीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

फुशारकी का नाही मारणार? कारखान्याच्या फाटकासमोर माझं भाजीचं दुकान. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, माझ्या पोरीनं शोध लावला. पाला दुपारपर्यंत उरत नाही. कुंदनला रोज भाजी आणि वाटीभर रस देते. तोंड वाकडं करतो, पण पितो. मास्कनं त्याचा जीव गुदमरायचा, तोही आता खुंटीला टांगला. म्हणतो, ताईनं औषध काढलं, मंग मले मास्क कायले पायजे? त्याचं पाहून भुकटी कालवणाऱ्या बाकीच्या पोरांनीही काढले. थोडा खोकतो, हवा बदलली आहे. तू वेळेवर जेवत जा.

तुझी,
आई

अकोला,
२० फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न.

तुझं पत्र आजच मिळालं. कुंदनला फोन केला, तर हसून ठेवून दिला. आई, माझ्या पेशी काचेच्या तबकडीत आहेत. त्यांना ना नाक, ना छाती. पाला पोटात जातो, भुकटी श्वासातून छातीत. माणसाला पाल्याचा उपयोग होतो की नाही, हे आम्हालाच अजून ठाऊक नाही. भाजी खुशाल खाऊ घाल, पण मास्क हवाच. त्याला डॉक्टरांकडे ने, आणि ज्यांना ज्यांना सांगितलंस त्यांनाही हे सांग. कामात लक्ष लागत नाही, सुट्टी मागितली आहे.

रागावून लिहिलं असेल तर पोटात घाल.
दामिनी

नांदगाव पेठ,
२७ फेब्रुवारी

चि. दामिनीस,
आशीर्वाद.

आधी तुझाच राग आला. एवढं होतं तर पहिल्याच पत्रात का नाही लिहिलंस? कुंदनच्या छातीचा फोटो काढला. अजून काही दिसत नाही, पण डॉक्टर जपा म्हणाले. मास्क लावायला तो लाजत होता. पोरं चिडवतात, तुह्या बहिणीचं औषध खोटं निघालं का?

फाटकाशी उभी राहून मी सगळ्यांना सांगितलं. पण फुशारकी ऐकून घेणारे आता ऐकेनात. म्हणतात, मावशीचा पाला संपला म्हणून असं सांगून राहिली. मग मीच मास्क लावून दुकानावर बसले. लोक हसले. काल कुंदन फाटकाशी थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून मास्क काढून लावला.

बाकीचे अजून तसेच आत जातात. कुंदनला मी धाक घालू शकते, त्यांना कसा घालू? काल शेजारच्या मैनाचा मुलगा खोकत खोकतच फाटकातून आत कामाला गेला. त्याला पाला मीच दिला होता, दामिनी, मास्क काढ असंही मीच म्हटलं होतं. सुट्टी मिळताच ये. माझं ऐकत नाहीत, तुझं तरी ऐकतील.

वाट पाहते.
आई