दिवा पेटल्याशिवाय निघू नकोस

मंगळवार, ३ मार्च

पेटत नाही! किल्ली अर्धी फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे क्षणभर पेटतात – तेलाचा, बॅटरीचा, ब्रेकचा. इंजिनचा तेवढा ढिम्म. दोन वर्षं इथल्या इथेच चालवतोय, कधी लक्षातच आलं नाही.

काल आईचा फोन. डॉक्टरांनी हात टेकलेत. बाबांचा एक महिना म्हणाले, कमीच धर. मी म्हटलं, निघतोच. तर बाबांनी फोन ओढून घेतला – "इंजिनचा दिवा पेटतो का रे? बघ आधी. पेटल्याशिवाय निघू नकोस, वाटेत इंजिन बसलं तर?" बसने येतो म्हटलं. "भांडून माझी गाडी घेऊन गेलास ना? मग गाडी घेऊनच ये!"

दोन वर्षांत आम्ही तीनदा बोललो असू.

बुधवार, ४ मार्च

"रोज अकराला फोन कर. आधी फ्यूज बघ." जन्मभर वायरमनचं काम केलंय, आता अंथरुणातून हुकूम. फ्यूज बघितले, सगळे धड. "नीट बघितलेस? की उगाच?" उगाच बघितले होते. पुन्हा बघितले. धड.

शुक्रवार, ६ मार्च

काल मीटर आणायला निघालो, तारेत वीज येते का ते बघायला. वाटेत एक जण दुकानाची पाटी रंगवत होता. एका दमात गोल काढतो! हात जरा हलत नाही. संध्याकाळपर्यंत तिथेच उभा राहिलो. मीटर राहिला. फोनही राहिला.

आज सांगितलं. वाटलं, ओरडतील. हसले. मग खोकला – थांबेचना. आईने फोन ठेवला.

रविवार, ८ मार्च

मीटर आणला. अर्थिंग ठीक, वीज येते. मग डॅशबोर्ड उघडू का? "तिथे हात घालू नकोस, मोडशील. दिवटे चिरंजीव, एक दिवा पेटवता येईना!" आवाज पार खोल गेलाय. दिवस संपत चाललेत आणि मी इथे तारा मोजतोय. शाळा जमली नाही, कुठली नोकरी टिकली नाही, आता हेही नाही.

सोमवार, ९ मार्च

नाहीच.

मंगळवार, १० मार्च

न विचारता डॅशबोर्ड उघडला, गॅरेजवाल्याच्या दारात. मागून इंजिनचा बल्ब काढला – वर काळी चिकटपट्टी! गच्च गुंडाळलेली. आणि टोक जरासं आत दुमडलेलं, पुढच्या वेळी नखाला धरायला मिळावं म्हणून. आमच्या घरात प्रत्येक तारेवर असं टोक आहे. दुसऱ्या कुणाला मी असं करताना बघितलं नाही.

सोलली. दिवा पेटला. इंजिन सुरू केलं की विझायला हवा, तर विझेचना. गॅरेजवाल्याने बॉनेटमध्ये डोकं घातलं. "हे आजचं दुखणं नाही. घरी नेणार म्हणतोस? लेका, ही शहराबाहेर गेली तर मिशी काढीन!"

म्हणजे बाबांना माहीत होतं! पट्टी स्वतः लावली आणि मला आठवडाभर फ्यूज बघायला लावले! इतका तापलो की अकराचा फोन केलाच नाही.

दुपारी आईचा आला. "का नाही केलास रे? साडेदहापासून उशीला टेकून बसतात. फोन पोटावर. औषध द्यायला गेले की म्हणतात, थांब, पोराला काम दिलंय."

पट्टी अजून बोटाला चिकटतेय.

बुधवार, ११ मार्च

सकाळची बस मिळाली. गाडी गॅरेजवाल्याच्या दारातच सोडली. अकराला फोन लावला.

"पेटला?"

"नाही बाबा. आता काय बघू?"

उशी सरकल्याचा आवाज आला.

"फ्यूज बघ परत. सावकाश बघ. मी कुठे जातोय!"

घर अजून सात तासांवर.