चुकलेला तेविसावा

तीर्थरूप बाबा,
नमस्कार. आज मात्र वाकून नाही, ताठ उभ्यानेच.

आपल्या यहुदी रीतीप्रमाणे वल्हांडणाच्या सणापासून शावुओतच्या सणापर्यंत ओमेरचे एकोणपन्नास दिवस रोज अंधार पडल्यावर प्रार्थना म्हणून मोजायचे, आणि मधला एक जरी चुकला तरी पुढे प्रार्थनेचा हक्क गेला, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून तर फोनवर खरं सांगितलं, की तेविसावा चुकला.

"मग संपलं," म्हणालात आणि फोन ठेवलात! का चुकला, एवढं विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

लाँड्रीत इस्त्रीच्या मशीनमध्ये माझा हात सापडला, बाबा. त्या संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मी दवाखान्यात गुंगीत होतो. हात आता ठीक आहे. अक्षर वाकडं दिसेल, डाव्या हाताने लिहितोय. आईला यातलं अक्षरही सांगू नका. तिचा गुडघा कसा आहे?

आणि संपलेलं वगैरे काही नाही. मी प्रार्थनेशिवाय मोजतोच आहे. आज एकतिसावा.

तुम्ही फोन ठेवलात, त्याला आज सात दिवस झाले. तेही मोजतोय. त्यातला एकही चुकलेला नाही.

तुमचाच,
थोरला