न सांगता घेतलेला सराव

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ७.
संकल्प: कन्येचं इंटरनेटपासून संपूर्ण संरक्षण. वय बारा, हातात फोन, आणि घरात माझ्याशिवाय कोणाला गांभीर्य नाही. बायको म्हणते, तिच्याशी नुसतं बोलत जा. बोलून सुरक्षा येत नसते. कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे तो उगाच नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर.
तिच्या फोनला लॉकचं ॲप टाकलं. पासवर्ड अत्यंत अवघड.

बुधवार, ५ नोव्हेंबर.
पासवर्ड मला आठवेना. कन्येने दोन मिनिटांत उघडून दिलं. कसं, ते विचारलं नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर.
ऑनलाइन सुरक्षेवर बोलायला शाळेने पालकसभेत बोलावलं आहे. तीन फोन मी केले, पण बोलावलं त्यांनीच. भाषणासाठी यादी केली: अनोळखी माणूस मुलांना विचारतो ते दहा प्रश्न. तोंडपाठ झाली.

शनिवार, ८ नोव्हेंबर.
कारखान्यात आगीचा सराव मी कोणाला न सांगता घेतो. सांगून घेतला की लोक पाण्याच्या बाटल्या घेऊन सहलीला निघाल्यासारखे बाहेर येतात. तोच नियम घरी. कन्येच्या गेममध्ये तेरा वर्षांची मुलगी म्हणून खातं उघडलं. फोटो मांजरीचा. बायकोलाही पत्ता नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर.
प्रश्न पहिला, कुठल्या शाळेत आहेस? उत्तर नाही. प्रश्न चौथा, घरी एकटी कधी असतेस? उत्तर नाही. ऊर भरून आला. पण सराव अर्धवट सोडायचा नसतो.

बुधवार, १२ नोव्हेंबर.
प्रश्न सातवा, हे आपलं गुपित, आईबाबांना सांगणार नाहीस ना? तिने ब्लॉक केलं. शाबास. खात्रीसाठी दुसरं खातं उघडलं. जरा खरेपणा यावा म्हणून लिहिलं, तुझं नवं निळं दप्तर छान आहे. लगेच ब्लॉक.

शनिवार, १५ नोव्हेंबर.
कन्या नीट जेवत नाही. शाळेत सोडायला आईच हवी म्हणते. परीक्षा जवळ आली असणार.

सोमवार, १७ नोव्हेंबर.
तिला प्रेमाने विचारलं, काही झालंय का. काही नाही म्हणाली. म्हणजे काही नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर. संध्याकाळी.
पालकसभा. माझ्याआधी वर्गशिक्षिका बोलल्या. एका मुलीने आत्याला सोबत आणून तक्रार केली आहे, नाव सांगणार नाही, पण संदेश ऐका, म्हणाल्या. मग त्यांनी ते वाचून दाखवले. माझी यादी, क्रमाने. शेवटी दप्तर. शेजारच्या बाई म्हणाल्या, असल्याला उलटा टांगला पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

भाषण चार मिनिटांत उरकलं, दहा प्रश्न गाळून. नंतर शिक्षिकेला बाजूला घेऊन खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, पोलिसांना कळवलंय, तिथे तुम्हीच जाऊन सांगा. त्याआधी घरी सांगा.

रविवार, २३ नोव्हेंबर.
नाश्त्याला दोघींना सांगितलं. कन्येने एवढंच विचारलं, म्हणजे रस्त्यावर माझं दप्तर बघणारं कोणी नाही ना? नाही म्हणालो. मग ती आठ दिवसांनी पोटभर जेवली. मला फार लाज वाटली.

तरी विचारलंच, आत्याला सांगितलंस, मला का नाही? माझं तर कामच सुरक्षेचं.

ती म्हणाली, मे महिन्यात एक खरा होता. तेव्हाही आत्यालाच सांगितलं होतं. तुम्ही फोन काढून घेतला असता.

घेतलाच असता.