नात्यातल्या माणसाला नाही

धसई,
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. अपेक्षाताईस,
धाकट्या हरेशचा नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. भाताची कापणी झाली, झोडणी चालू आहे. आईचा गुडघा आता कमी दुखतो. भावोजींना नमस्कार सांग. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू दर वेळी "थांब हां, कोणीतरी आलंय" म्हणतेस. पत्राला तसं थांब म्हणता येत नाही.

तुझं काम चांगलं आहे, हे मी गिरणीत सगळ्यांना सांगतो. शहरात मनाच्या डॉक्टरपुढे एवढी रांग असते की गोळ्या लिहिण्यापलीकडे त्याला वेळ उरत नाही. म्हणून तुमच्या संस्थेने कल्याणच्या चाळींमधल्याच बायकांना लोकांचं ऐकून घ्यायला शिकवून तयार केलं, एक खोली घेतली आणि कोणीही येऊन बोलावं अशी सोय केली. हे ऐकून गिरणीचे अनिलशेठ म्हणाले, "ऐकायचा पगार मिळतो? मंग मी इतकी वर्सं बायकोचं ऐकतोय, माझा पण काढा!" सगळे हसले. मीही हसलो.

पण भाऊबीजेचं लिहायलाच हवं.

मी पाटावर बसलो होतो, डोक्याला रुमाल बांधून. तू टिळा लावलास, ताम्हण उचललंस आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरची अनिता रडत दारात आली. तू ताम्हण खाली ठेवून तिच्याबरोबर जिन्यात जाऊन बसलीस. ओवाळणं अर्धवट असताना भावाने पाटावरून उठू नये, म्हणून मी तसाच बसून राहिलो. भावोजी निरांजनात तूप घालत होते. म्हणाले, "मेहुणे, आमचं रोजचंच हाय. माझं जेवण पण असंच थंड होतं." दार उघडं होतं. ती बोलत होती आणि तू मध्ये एक शब्द बोलली नाहीस. शेवटी एवढंच म्हणालीस, "बोल, मला घाई नाही."

ताई, मला तू असं कधी म्हणाली नाहीस. मला त्या अनिताचा राग आला. तिचा नवरा पितो, मारतो. त्याचं वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, हिच्याकडे निदान सांगण्यासारखं काहीतरी आहे. हे लिहितानाही लाज वाटते, पण खोडत नाही.

मी त्या दिवशी तुला सांगायलाच आलो होतो. तू परत आलीस तेव्हा माझी मुरबाडची गाडी निघायची वेळ झाली होती.

सांगायचं हे होतं. गिरणी बंद केल्यावर मी कडी लावतो. एसटी स्टँडपर्यंत येतो, परत जातो, कडी बघतो. घरी पोचलो की सायकल काढून पुन्हा जातो. वाटतं, मोटर चालू राहिली असेल, आग लागेल आणि ती माझ्यामुळे लागेल. छाती अशी धडधडते की रस्त्याच्या कडेला बसावं लागतं. बारावीच्या पेपरातून मी उठून आलो, तो तुम्हाला आळस वाटला. तेव्हाही हेच होतं. शेठ मात्र खूश आहेत. "हरेससारखा पोरगा मिळायचा नाय, तीनतीनदा कडी बघतो!" आई हे शेजारी कौतुकाने सांगते. ज्याने माझा जीव जातो आहे, त्याबद्दल मला दिवाळीला शर्टपीस मिळाला.

गेल्या आठवड्यात फोनवर मी हे अर्धंच सांगितलं आणि तू म्हणालीस, "नात्यातल्या माणसाला आम्ही घेत नाही रे, तसा नियमच आहे. आमच्या संजीवनीताईंकडे ये." मी फोन ठेवला. कुठून कुठून आलेल्या माणसांना माझी बहीण मिळते आणि मला परकी बाई? तेव्हापासून मी तुझा फोन घेतलेला नाही.

काल खळ्यावर आईला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तुला रे काय झालाय? काय नाय झाला. तू तर शाना माझा." आणि पेंढा उचलायला लागली. मी कोण आहे, ते आईला आधीच माहीत आहे. तुलाही माहीत आहे. संजीवनीताईंना माहीत नाही.

म्हणून पुढच्या गुरुवारी येतो. तू खोलीत येऊ नकोस, चहासुद्धा पाठवू नकोस. आत काय बोललो ते नंतर विचारू नकोस, मी सांगणार नाही. त्यातलं बरंचसं तुझ्याबद्दल असेल. बाहेर बसून तुला कसंतरी वाटलं तर वाटू दे. थोडं वाटावं, अशी माझी इच्छा आहे.

तुझाच,
गुरुवारपुरता संजीवनीताईंचा,
हरेश